आत काय आहे, कुणी बघितलंय का?

ओपन सोर्स, हॅकिंग आणि ड्रग्ज. कट्ट्यावर या तिन्ही विषयांवर आपलं मत तयार असतं. आज ती मतं जरा तपासून बघू या.

‘फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे भंगार असणार.’

‘माझ्या फोनमध्ये आहेच काय हॅक करायला?’

‘ड्रग्जवाल्यांना क्रांती चौकात फाशी द्या, बघा दुसऱ्या दिवशी सगळं बंद!’

ही तीन वाक्यं तुम्ही ऐकली असणारच. कॅनॉटला चहा पिताना, औरंगपुऱ्यात सेकंडहँड पुस्तकं चाळताना, होस्टेलच्या गच्चीवर रात्री बारानंतर. कदाचित त्यातलं एखादं तुम्ही स्वतःच म्हणाला असाल. यात गैर काहीच नाही. मतं असायलाच पाहिजेत. पण मत आणि माहिती यांची भेट क्वचित होते, आणि या तीन विषयांत ती झाली नाही तर किंमत आपल्यापैकीच कुणालातरी मोजावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर आणि ड्रग्जचा काय संबंध? एक कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा विषय, दुसरा पोलिसांचा. संबंध आहे. तिन्ही ठिकाणी दोनच प्रश्न विचारायचे असतात. आत नेमकं काय आहे, हे कुणी बघतंय का? आणि ज्याला काही चुकीचं दिसलं, त्याला ते बोलायला जागा आहे का?

फुकट वेगळं, खुलं वेगळं

सुरुवात सोप्यापासून करू. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या पोटात लिनक्स आहे. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या मुलाने ते लिहायला घेतलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचा. त्याने कोड कुलूपबंद ठेवला नाही. कुणीही वाचा, सुधारा, पुढे द्या, असं म्हणून टाकला. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि जवळजवळ सगळे सुपरकॉम्प्युटर त्याच लिनक्सवर चालतात. भंगारावर एवढं जग चाललं नसतं.

ओपन सोर्स म्हणजे कोड उघडा असणं. पैसे लागोत वा न लागोत, आत काय लिहिलंय ते बघायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क तुम्हाला असतो. आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. वेबसाइटवर, पोस्टरवर दिसणारा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलाय आणि तो खुल्या परवान्याखाली आहे. गॅदरिंगच्या बॅनरवर वापरा, त्यात बदल करा, कुणी नोटीस पाठवणार नाही. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन असं बरंच काही ऐकत-बघत शिकवतो, आणि त्यातले अनेक धडे मराठीत आहेत. केंद्र सरकारने तर २०१५ मध्येच सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं.

गंमत अशी की ओपन सोर्सला भंगार म्हणणाऱ्याचा लॅपटॉप उघडून बघा. तिथे काय असतं? क्रॅक! क्रॅक केलेलं फोटोशॉप, क्रॅक केलेलं ऑफिस, आणि विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी कुठलीतरी छोटी फाइल. त्या फाइलसोबत सूचना येते, आणि त्यात पहिलीच ओळ बहुतेकदा अशी असते : आधी अँटीव्हायरस बंद करा.

विचार करा ना. चोर आधीच फोन करून सांगतो, आज रात्री वॉचमनला सुट्टी द्या. आणि आपण देतो.

क्रॅकमध्ये आत काय आहे, हे कुणालाच माहीत नसतं. ज्याने बनवला तो आपलं नाव सांगत नाही. ज्याने दिला तो म्हणतो, ‘भावा, माझ्याकडे चालतंय.’ एवढ्या भरवशावर आपण त्याच लॅपटॉपवरून एक्झामचा फॉर्म भरतो आणि नेटबँकिंगही करतो.

अर्ध्या सेकंदाची शंका

इथे एक हुशार मित्र हमखास मध्ये पडतो. ‘पण कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो. मग ते सेफ कसं?’

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर १८८३ इतकं जुनं आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने गुप्त संदेशांबद्दल एक तत्त्व मांडलं. शत्रूला तुमची सगळी पद्धत कळली तरी चालेल, फक्त किल्ली कळता कामा नये. कुलूप कसं चालतं हे गुलमंडीतल्या प्रत्येक कुलूप दुरुस्त करणाऱ्याला माहीत आहे. म्हणून तुमच्या घराचं कुलूप निरुपयोगी ठरत नाही. कुलूप आतून कसं आहे हे लपवल्यावरच जर ते टिकत असेल, तर ते मुळातच कच्चं आहे.

अर्थात, कोड उघडा आहे म्हणजे तो कुणीतरी वाचलाच असेल, असंही नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक सापडली. ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे जगभरातल्या वेबसाइट्सच्या कुलपातच, ती दोन वर्षं पडून होती. कोड सगळ्यांसमोर होता. बघणारं कुणी नव्हतं. दार उघडं ठेवलं, पण आत कुणी डोकावलंच नाही, तर उपयोग काय?

मग आला मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर आपलं नेहमीचं काम करत होता. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगइन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपण असतो तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. त्याने सोडलं नाही. शोधत शोधत तो एक्सझेड नावाच्या, फाइल लहान करणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरपाशी पोहोचला. त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्याने जाहीरपणे सगळ्यांना कळवलं. ती आवृत्ती जगभरच्या सर्व्हरवर पसरायच्या आधीच थांबली.

तो चोरदरवाजा बसवणारा माणूस ‘जिया टॅन’ या नावाने वावरत होता. खरा कोण, ते उघड झालेलं नाही. दोनेक वर्षं त्याने गोड बोलून, कामात मदत करून विश्वास मिळवला होता. आणि मदत कुणाला? ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं बिनपगारी, जवळजवळ एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला. तो दमला होता. मनाची तब्येत ठीक नसल्याचं त्याने स्वतःच लिहिलं होतं. त्यावर लोकांनी काय केलं? काम लवकर होत नाही म्हणून त्याच्यामागे तगादा लावला.

दमलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाजवळ सगळ्यात आधी कोण पोहोचतं, हे लक्षात ठेवा. ड्रग्जबद्दल बोलताना हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

एका अक्षराचे साडेएकवीस कोटी

आता घरच्या मैदानावर या. खरंच मैदानावर. आपलं विभागीय क्रीडा संकुल.

डिसेंबर २०२४ मध्ये या संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये गायब झाल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि देशभर गाजलं. आरोप कुणावर? तिथेच कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या, महिना १३ हजार रुपये पगार असलेल्या कॉम्प्युटर ऑपरेटरवर. वय विशीतलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार संकुलाच्या लेटरहेडवर बँकेला पत्र गेलं, की खात्याला जोडलेला ईमेल बदला. नवा ईमेल जवळजवळ जुन्यासारखाच होता, फरक एका अक्षराचा. मग नेटबँकिंग सुरू झालं, ओटीपी नव्या पत्त्यावर येऊ लागले, आणि जुलै ते डिसेंबर अशी पाच महिने रक्कम बाहेर जात राहिली. बातम्यांत तुम्ही ती महागडी गाडी आणि फ्लॅट पाहिला असेल. रील्सही पाहिल्या असतील.

आता नीट बघा. या सगळ्यात ‘हॅकिंग’ कुठे आहे? काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळवणारा हुडीवाला पोरगा कुठे आहे? कुणी कोड तोडला नाही. एक अर्ज, एक अक्षर, आणि बाकी सगळं व्यवस्थेने स्वतःहून करून दिलं. पाच महिने महिन्याचं स्टेटमेंट उघडून, ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारलं असतं तर?

तिकडे अर्ध्या सेकंदावर एकाची नजर गेली. इकडे साडेएकवीस कोटींवर पाच महिने कुणाची गेली नाही. कॉम्प्युटर सिक्युरिटीचा अख्खा सिलॅबस या दोन वाक्यांत मावतो.

‘पण माझ्या खात्यात आहेतच किती?’ हे तुमचं पुढचं वाक्य. बरोबर आहे, महिनाअखेरीला मेसचे पैसे दिल्यावर उरतातच किती! पण चोरट्याला तुमचे पैसे नको असतात. त्याला तुमचं खातं हवं असतं. लोकांना फसवून मिळवलेला पैसा फिरवायला त्याला स्वच्छ, कोरी, केवायसी झालेली खाती लागतात. कॉलेजच्या पोरांइतकी स्वच्छ खाती दुसऱ्या कुणाची असणार? म्हणून ऑफर येते : खातं वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार घे, कष्ट काही नाही. याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं, पाठ तुमची. पोलीस पैशाचा माग काढत येतात तेव्हा पहिलं दार त्या खातेदाराचं वाजतं. नोकरीच्या व्हेरिफिकेशनला, पासपोर्टला, स्पर्धा परीक्षेतून निवड झाल्यावर हे प्रकरण पुढ्यात उभं राहतं, आणि तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होईलच याची खात्री नसते.

आणि पैसे गेलेच तर? सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसा पुढच्या खात्यात गोठवला जाण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितकी ती शक्यता कमी. मग लोक उशीर का करतात? लाजेपोटी. ‘एवढा शिकलेला असून फसला’ हे ऐकायला नको म्हणून. बाबांना काय सांगू म्हणून. व्हिडिओ कॉलवरून ब्लॅकमेल होत असेल तर विचारूच नका. पोरं एकेकटी महिनोन्‌महिने पैसे भरत राहतात, कारण रूममेटला सांगायची सोय वाटत नाही.

म्हणजे पैसा पळवायला चोर लागतो, पण तो परत मिळण्याची वेळ आपली लाज घालवते.

पुडीवर लेबल नसतं

आता तिसरं वाक्य. फाशीचं.

ऑक्टोबर २०२३ आठवतो? महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय, आणि अहमदाबादच्या क्राइम ब्रांचने आपल्या शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे टाकले. कोकेन, केटामाइन आणि मेफेड्रोन असा शेकडो कोटींचा साठा पकडल्याचं जाहीर झालं. मेफेड्रोन म्हणजे ज्याला कट्ट्यावर ‘एमडी’ म्हणतात ते. त्याच महिन्यात नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना गाजत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत कारखाना पकडला. ड्रग्ज कुठूनतरी परदेशातून बोटीने येतात, अशी आपली समजूत होती. इथे तर आपल्याच एमआयडीसीत, शिफ्टमध्ये माल तयार होत होता. आणि आपल्या शहरात छापा टाकायला पथक आलं ते अहमदाबादहून.

आपल्या शहराची ओळख झालेली दुसरी गोष्ट म्हणजे ‘बटन’. या गोळ्या कारखान्यात गुपचूप बनलेल्या नसतात. झोपेच्या, मानसिक आजाराच्या खऱ्या औषधाच्या गोळ्या असतात त्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या. यातली बरीच औषधं २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत, म्हणजे कुणाला, कुणाच्या चिठ्ठीवर, किती विकली याचं वेगळं रजिस्टर मेडिकलवाल्याला ठेवावं लागतं. तरी त्या गल्लीत पोहोचतात. म्हणजे कायदा आहे, रजिस्टरही आहे. पुन्हा तोच प्रश्न : ते रजिस्टर उघडून कोण बघतंय?

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण यावर कट्ट्यावर जितक्या आत्मविश्वासाने बोललं जातं तितकं क्वचितच वाचलेलं असतं.

अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा. शिक्षा किती, हे मुख्यतः माल किती आणि कोणता यावर ठरतं. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, वीस किलोच्या पुढे ‘व्यावसायिक’. एमडीचं गणित वेगळं आहे. दोन ग्रॅमपर्यंत अल्प, पन्नास ग्रॅमच्या पुढे व्यावसायिक. आणि व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षं, कमाल वीस वर्षं सक्तमजुरी. पन्नास ग्रॅम म्हणजे किती, ते घरातल्या साखरेच्या डब्यासमोर उभं राहून बघा. ‘फक्त एका मित्राला पोहोचवून दे’ म्हणणाऱ्याने पाकिटात किती घातलंय, हे तुम्हाला माहीत असतं का?

फाशीचं म्हणाल तर तीही होऊन गेली आहे. १९८९ च्या दुरुस्तीने, ठरावीक मोठ्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशी सक्तीची झाली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेत बसत नाही असं सांगितलं, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलून ती न्यायाधीशाच्या निर्णयावर सोडली. म्हणजे कट्ट्यावरची ‘नवी आयडिया’ या देशात पंचवीस वर्षं कायद्याच्या पुस्तकात होती. त्याच काळात एमडी नावाची गोष्ट आली आणि पसरली.

आणि एमडी पसरलं त्याचं एक कारण कॉम्प्युटरवाल्यांना लगेच कळेल. जुन्या पद्धतीचं अँटीव्हायरस यादीवर चालतं. यादीत असलेला व्हायरस पकडतो, नवा आला की यादी अपडेट होईपर्यंत गप्प बसतो. एनडीपीएसचंही तसंच. पदार्थ नावानिशी यादीत असावा लागतो. मेफेड्रोन त्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. तोवर ते मुंबईच्या गल्ल्यांत पोहोचलं होतं, आणि पोलिसांच्या हाती कायदाच नव्हता. यादी नेहमी एक पाऊल मागे असते.

दुसऱ्या टोकाचं मतही तितकंच ठाम असतं : ‘सगळं लीगल करा. पोर्तुगालने केलंय.’ पोर्तुगालने २००१ मध्ये जे केलं ते हे नव्हे. तिथेही ड्रग्ज बेकायदेशीरच आहेत आणि विकणं गुन्हाच आहे. स्वतःपुरतं, साधारण दहा दिवस पुरेल एवढं सापडलं तर मात्र माणूस फौजदारी कोर्टात जात नाही. तो एका समितीसमोर जातो, तिथे कायद्याचा, आरोग्याचा आणि समाजकार्याचा माणूस त्याच्याशी बोलतो, आणि गरज असेल तर उपचाराकडे पाठवतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ पासून शिक्षा काढली, पण उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही. लोक वैतागले आणि २०२४ मध्ये शिक्षा परत आली. शिक्षेचं दार बंद करताना दुसरं दार उघडलं नाही, तर माणूस रस्त्यावरच राहतो, एवढं त्यातून कळतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येत नाही. ते दुसरं दार आपल्या कायद्यात आधीपासून आहे. एनडीपीएसचं कलम ६४-अ वाचा. व्यसनी माणूस, ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. ज्या कायद्याला आपण फक्त बेड्यांचा समजतो, त्याच कायद्यात ‘ये, सांग, बरा हो’ असंही लिहिलेलं आहे.

आणि बरं होता येतं, हे महाराष्ट्राला चार दशकं माहीत आहे. पुण्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर पसरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. मग पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं. आपल्याकडे घाटीत मानसोपचार विभाग आहे. तरीही लोक पोहोचत नाहीत. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो, असं त्यात दिसलं. दारू तर कायदेशीर आहे, दुकानात मिळते! तिच्याबाबत ही गत, तर बेकायदेशीर पुडीबद्दल कोण तोंड उघडणार?

पुडी आणि क्रॅक फाइल यांत फारसा फरक नाही. दोन्हींवर लेबल नसतं. आत काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. दोन्ही ‘अरे, आपलाच माणूस आहे’ म्हणून घेतल्या जातात. आणि काही बिघडलं की तक्रार करायला जागा नसते, कारण आपण ते घेतलं हेच सांगता येत नाही.

बग सांगणाऱ्याला शिक्षा नको

ओपन सोर्सच्या जगातली एक सवय मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे चूक सापडली की तिची नोंद होते. कुणाकडून झाली यावर चर्चा होते, कधी भांडणंही होतात, पण चूक दाखवून देणाऱ्याला कुणी बाहेर काढत नाही. उलट त्याचं नाव कौतुकाने घेतलं जातं. चूक लपली तर सगळ्यांचं नुकसान, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे.

आता आपलं होस्टेल डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत. रूममधला एक जण पार्टीवरून आलाय. दारू प्यायलाय, त्यावर ‘बटन’ घेतलंय. घोरतोय, पण हलवलं तरी उठत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र आली की श्वास मंदावत जाऊन थांबूही शकतो. खोलीत तुम्ही तिघे आहात. पहिला विचार कोणता येतो? १०८ ला फोन करायचा, की रेक्टरला कळलं तर काय होईल?

दुसरा विचार आधी येत असेल, तर दोष तुम्हा तिघांचा नाही. आपण कॉलेजं अशी बांधली आहेत की सांगणारा आधी अडकतो. ‘सापडला की काढून टाका’ हा नियम कडक दिसतो, ऐकायला बरा वाटतो. पण त्याचा परिणाम असा, की रात्री दोन वाजता तिघे जण दार आतून लावून घेतात आणि सकाळ होण्याची वाट बघतात. काही सकाळी उशिरा होतात.

म्हणून मत मांडायचंच असेल तर हे मांडू या. प्रत्येक कॉलेजने आणि होस्टेलने लेखी सांगावं, की मित्राचा जीव धोक्यात आहे म्हणून जो फोन करेल, त्याच्यावर आणि त्या मित्रावर त्या रात्रीबद्दल कारवाई होणार नाही. उपचार घ्यायला जो स्वतःहून पुढे येईल, त्याचं नाव बोर्डावर लागणार नाही. पैसे घालवून बसलेली मुलगी ऑफिसमध्ये आली, तर ‘तू लिंकवर क्लिक केलंसच का?’ हा प्रश्न दुसरा असेल, ‘१९३० ला फोन लावलास का?’ हा पहिला. आणि माल विकणाऱ्याला, खाती भाड्याने फिरवणाऱ्याला मात्र पूर्ण कायदा लागू व्हावा. विकणारा आणि अडकलेला यांत फरक करायला कायदा शिकलाय. आता कट्ट्याने आणि कॅम्पसने शिकायचं आहे.

स्टुडंट कौन्सिलची पुढची मीटिंग असेल तेव्हा हा विषय घ्या. एका पानाचा अर्ज पुरतो. प्राचार्य लगेच हो म्हणतील असं नाही. पण अर्ज आला की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर आधी बघावं लागतं.

हे नंबर सेव्ह करा

१९३० : सायबर फसवणूक. पैसे गेल्यावर पहिल्या तासातच लावा.

१०८ : अ‍ॅम्ब्युलन्स. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

१४४४६ : व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन.

१४४१६ : टेलिमानस. मनावर ताण असेल तर बोलण्यासाठी, चोवीस तास, मोफत.

१९३३ : अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी एनसीबीची ‘मानस’ हेल्पलाइन.

आणि लॅपटॉपवर तो क्रॅक अजून असेल, तर या रविवारी तेवढा काढून टाका. लिब्रेऑफिस उतरवायला पैसे लागत नाहीत.